गुलाबी कठडा

शुक्रवार, संध्याकाळ

...मी पोहे भिजवत होते, गॅसवर दूध होतं, आणि हे गॅलरीचा लोखंडी कठडा गुलाबी रंगवत बसले होते.

"अहो, पिस्ता भिंतीला गुलाबी? गल्ली हसेल!"

"हसू दे. ऑटोवाल्याला घर सांगायला बरं."

हे गेल्यापासून तीच सकाळ का आठवते?

आज फोटोमुळे आठवली. इमारतींचे काळे-पांढरे फोटो काढायला शिकायच्या क्लासमध्ये आमच्या घराचा फोटो दाखवला. मॅडम खूश. "काकूजी, क्या बात है! रंग गेला आणि घराचा आकार दिसायला लागला."

पण कठडा कुठे आहे? भिंत आणि कठडा एकाच राखाडीत मिसळलेत. मोठा करून पाहिला, परत पाहिला. हे बसले होते तिथे नुसती भिंत. उद्या क्लासच्या प्रदर्शनाला हाच फोटो द्यायचाय. द्यावा? रंगीत चालणार नाही.

शनिवार

सकाळी ऊन तिरपं असताना समोरच्यांच्या गच्चीवर गेले. कठड्याची सावली मागच्या भिंतीवर पडली आणि एकेक गज वेगळा दिसू लागला, तेव्हा पुन्हा काळा-पांढराच फोटो काढला. तो देऊन आले.