खालचा आकडा

३ मार्च, सोमवार
आज पुन्हा आकडा! मुलगा जिन्यातूनच ओरडत आला — "आई, आकडा खालीच आहे!" जशी काही लॉटरीच लागली.

सुनेच्या पोटात कॅन्सरची गाठ. जागा कुठली, तर म्हणे स्वादुपिंड. नाव बघा, आणि तिच्या तोंडाला चव नाही! त्या गाठीचं कसलं तरी प्रथिन रक्तात उतरतं. जास्त असलं तर दिवस थोडे, कमी असलं तर माणूस तगतं. हिचं पहिल्यापासून कमीच. म्हणून हा नाचतोय.

मी म्हटलं, "आकडा काय बघतोस, बायकोकडे बघ. गाऊनमध्ये नुसता हँगर उरलाय."

माझ्यावरच खेकसला — "तुझ्या जिभेला काही हाड!"

४ मार्च
सुनेने सूप परत पाठवलं. खारट म्हणे. मीठ घातलंच नव्हतं मी!

१२ मार्च
डॉक्टरीणबाई फार गोड बोलते. मला असली माणसं चालत नाहीत. मुलाने विचारलं, "आकडा चांगला आहे ना?" ती म्हणाली, "कमी आहे." चांगला म्हणाली नाही! त्या गाढवाच्या लक्षातही आलं नाही. सुनेने मात्र चटकन पर्स उचलली — "चला, उशीर होतोय." कसला उशीर? घरी वाट बघणारी मी, आणि मी तर तिथेच शेजारी बसले होते.

१८ मार्च
मुलाने पुढच्या वर्षीच्या सहलीची तिकिटं काढली. तिघांची. मूर्ख!

२० मार्च
सुनेला आंघोळ घालताना विचारलंच, "काय लपवतेस?"

"अहो आई, पाणी गार झालंय."

"पाण्याचं मला सांगू नकोस."

मग बोलली. काही माणसांच्या रक्तात ते प्रथिन बनतच नाही म्हणे. गाठ केवढीही वाढो, आकडा खालीच. ही त्यातली. गेल्या महिन्यात मी बरोबर नव्हते आणि मुलगा गाडी लावायला गेला होता, तेव्हाच डॉक्टरीणबाईने तिला सांगितलं. गाठ यकृतात पोचलीय. पावसाळा काही बघणार नाही ती.

"आणि नवऱ्याला?"

"त्यांना झोप लागते हो त्या आकड्यावर."

"माझ्या झोपेचं काय?"

"तुम्ही खमक्या आहात." वर हसली!

लबाड कुठली. अंग खसाखसा पुसलं तिचं. ओरडली. ओरड म्हटलं. उद्याच सांगते त्याला सगळं. मी नाही असल्या नाटकात.

२१ मार्च
मुलगा नवा आकडा घेऊन आला. तेवढाच आहे. सून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "दिसतंयच की. गालावर रंग आलाय तिच्या."