भुंग्याच्या स्वेटरचं वजन

ती. आक्कास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात वाकले आहे, पण तू तो पुरता धर). तुझा खोकला गेला का? भावजींचं कानातलं यंत्र सापडलं का, की अजून नुसती मान डोलावून संसार चालू आहे? त्यांनाही नमस्कार सांग. मोठ्याने सांग.

आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे रीत म्हणून लिहीत नाही हो. गेला महिनाभर आम्ही सुखरूप नव्हतो आणि खोटं कसं लिहायचं म्हणून पत्रच लिहिलं नाही. तुला वाटलं असेल ही रागावली. रागावले नव्हते, माझ्यावर सरकारी चौकशी चालू होती. घाबरू नकोस. आधी पाणी पी, मग पुढे वाच. सगळं निभावलं आहे, म्हणून तर आज सकाळची कामं टाकून पेन हातात घेतलंय. (शाईचा डाग पडला आहे तो दुःखाचा नाही, टोपण नीट बसत नाही.)

तुला आमची भिंगरी माहीत आहे. माझ्या मुलाची धाकटी. एका जागी बसायची नाही म्हणून मीच ते नाव ठेवलं. दोन नोकऱ्या सोडून आठ महिने घरी होती, आणि तिचा बाप रोज जेवताना म्हणायचा की खेळणं उडवून कुणाचं पोट भरलंय का. ते खेळणं म्हणजे ड्रोन. चार हात, चारही हातांना पंखे, पोटाशी एक डोळा. सुरू झालं की असं गुणगुणतं की मी त्याला भुंगाच म्हणते. त्या डोळ्याने वरून सगळं दिसतं, आणि एका कंपनीला तेच हवं होतं. उंच इमारतींच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, भिंतींच्या भेगा बघायच्या आणि फोटो काढून द्यायचे. पूर्वी माणसं दोराला लटकायची, आता भुंगा लटकतो. कंपनी पोरीला घ्यायला तयार होती, पण अट एकच, लायसन पाहिजे. एक तारखेच्या आत.

आता त्यातले कायदे तुला सांगते. मला ते तोंडपाठ आहेत, का ते पुढे कळेलच. नुसती हौस म्हणून उडवायचं असेल आणि भुंग्याचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आत असेल, तर कुणी विचारत नाही. अडीचशेच्या वर गेलं की हौस असो नाहीतर काही असो, सरकारात नोंद करायची, नंबर घ्यायचा आणि तो त्याच्या पाठीवर चिकटवायचा. आणि त्यावर पोट भरायचं असेल, तर वजन कितीही असो, वर्गाला बसा, परीक्षा द्या, लायसन घ्या. म्हणजे बघ, घरात चार माणसांचा स्वयंपाक केला तर कुणी काही म्हणत नाही, पण खानावळ काढली की परवाने लागतात, तसंच. कंपन्याही हुशार. भिंगरीचा भुंगा त्यांनी बरोबर दोनशे एकोणपन्नास ग्रॅमचा केला आहे. एक ग्रॅम सरकारला सोडला.

भिंगरी वर्गाला जायची, परीक्षा पास झाली, कागद ऑफिसात गेले. कागद तिथे निजलेले असताना ती रविवारी मला मागच्या मैदानावर घेऊन जायची आणि भुंगा उडवायला शिकवायची. आक्का, काय सांगू तुला. डाव्या अंगठ्याने वर-खाली, उजव्या अंगठ्याने पुढे-मागे. सूनबाई म्हणाली, सासूबाई, या वयात? पण पन्नास वर्षं दोन सुयांवर जिने उलटे-सुलटे टाके घातले तिला दोन दांड्या जड का व्हाव्यात? आणि मोतीबिंदू काढल्यापासून मला जवळची भाजी निवडता येत नाही, पण लांबचं असं लख्ख दिसतं की शेजारच्या इमारतीत कुणी काय वाळत घातलंय ते इथून सांगते. (सांगतही असते. सूनबाईला आवडत नाही.)

तर झालं असं की थंडी पडली. भिंगरी एकदा सहज बोलून गेली की गारठ्यात याची बॅटरी लवकर उतरते. बस्स. मी ते ऐकलं आणि माझ्याने राहवेना. तुझ्या जावयाच्या गुडघ्यांना विणलं, चहाच्या किटलीला विणलं, फोनला विणलं, आणि हा बिचारा उघडा फिरणार? पोपटी लोकर उरली होती. चार हातांना चार बाह्या केल्या, पंखे आणि डोळा मोकळा ठेवला, पोटाखाली दोन बटणं लावली. इतका गोड दिसायला लागला की भिंगरी हसून हसून मैदानावर खाली बसली. तिने त्याचे फोटो काढले, मी त्याला उडवलं. आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात वजनाचा काटा आला नाही. मला कसा येणार? मला वाटलं वजन म्हणजे त्याचं अंगचं वजन. आपण दवाखान्यात काट्यावर उभ्या राहतो तेव्हा डॉक्टर लुगड्याचं वजन वजा करत नाहीत हे खरं, पण आपल्याला कोण कायदा लावतंय?

आमच्या इमारतीत एक दातांचे डॉक्टर आहेत, आता काम सोडलेले. रोज पहाटे गच्चीवर तासभर व्यायाम करतो म्हणून सगळ्यांना ऐकवतात. त्या सकाळी ते गच्चीवर आडवे होऊन व्यायाम करत होते (डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून). जाग आली तर लांबून आभाळात पोपटी, लोकरीचं, चार हातांचं काहीतरी जाताना दिसलं. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि अर्ज लिहिला. अर्जात अगदी हेच शब्द होते, मी स्वतः ऐकले. आठ दिवसांनी घरी कागद आला की यंत्र ज्या अवस्थेत उडवले त्याच अवस्थेत घेऊन हजर राहावे.

आणि ऑफिस कुठलं? जिथे भिंगरीच्या लायसनचे कागद निजले होते तेच. पोरीचं तोंड उतरलं. नियम मोडल्याची नोंद झाली तर दोन वर्षं लायसन मिळत नाही. दोन वर्षं, आक्का. कंपनी काय थांबणार? एक तारीख नऊ दिवसांवर. बाप तिला काही बोलला नाही, हेच वाईट. बोलला असता तर मी त्याला बोलले असते.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. एका टेबलावर दोन माणसं, एका पंख्याखाली चार टेबलं, आणि कोपऱ्यात टपाल वजन करायचा काटा. साहेब तरुणच होता, सर्दी झालेली. त्याने अर्ज वाचला, भुंग्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला. हे अंगावर काय आहे, असं विचारलं. मी म्हटलं, स्वेटर. कोणाचा, म्हणाला. म्हटलं, त्याचाच, दुसऱ्या कुणाला होईल? त्याने फोटोवरून अंतर मोजलं, उंची पाहिली, डॉक्टरांच्या गच्चीवरून गेलाच नाही, लांबून गेला, हे मान्य केलं. मग भुंगा काट्यावर ठेवला. दोनशे शहाऐंशी. बटणं सोडून स्वेटर काढला. दोनशे एकोणपन्नास. साहेब म्हणाला, अडीचशेच्या वर छत्तीस ग्रॅम आहे, बिननोंदणीचं उडवलंत. माझी लोकर सदतीस ग्रॅम भरली, आणि मला मेलीला क्षणभर बरं वाटलं की बटणांसकट एवढा हलका हात अजून आहे.

मग त्याने विचारलं, उडवत कोण होतं? रिमोट ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची, असा नियम.

भिंगरी म्हणाली, "मी."

मी म्हटलं, "ही खोटं बोलते, साहेब. मी उडवत होते."

साहेब शिंकला आणि त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "आजी, नातीसाठी सगळ्याच आज्या असं बोलतात. माझी पण बोलली असती."

आता बघ कशी पंचाईत. आयुष्यात पहिल्यांदा कबूल करायला गेले की चूक माझी, तर कुणी ऐकून घेईना. आमचे हे असते तर त्यांनी लगेच मानलं असतं. मी म्हटलं, साहेब, द्या इकडे रिमोट. स्वेटर काढून ठेवा, म्हणजे वजनाचाही प्रश्न नाही. भिंगरी माझा पदर ओढत होती. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, चला मागच्या अंगणात.

अंगणात एक पाण्याची टाकी आहे, जमिनीवरची, वर लोखंडी झाकण. झाकण केवढं, तर आपल्या पोळपाटाएवढं. साहेब म्हणाला, त्या कोपऱ्यातल्या खांबाला वळसा घालून आणा आणि झाकणावर उतरवा. तेवढ्यात चारही टेबलांची माणसं खिडकीत आली. चहावाला किटली धरून उभा राहिला. आक्का, खोटं कशाला सांगू. मनात आलं, आज पडला तर पोरगी गेली दोन वर्षं घरात. मग म्हटलं, या साहेबाकडे बघूच नको, टाके मोज. एक उलटा, दोन सुलटे. भुंगा वर गेला, खांबाला वळसा घातला (थोडा मोठाच घातला, सासरच्या माणसांना घालतो तसा), परत आला, झाकणावर जरा थांबला आणि बसला. मधोमध. खिडकीतून कुणीतरी वा म्हणालं. साहेबाने वाकून चारही पाय झाकणावर आहेत का ते पाहिलं. मग मान हलवली आणि भिंगरीला म्हणाला, तुमचं लँडिंग परीक्षेत एवढं चांगलं झालं नव्हतं.

वर जाऊन त्याने कागद लिहिला. चालक म्हणून माझं नाव, पूर्ण नाव, वडिलांकडचं नाही, सासरचं. पहिलीच चूक, वय पाहता दंड नाही, लेखी समज देण्यात येते. शेवटी भिंगरीला वेगळं बाजूला घेऊन शिकवणाऱ्याने वजन बघायचं असतं म्हणून चांगलं खडसावलं, पण तोंडी. तोंडाचं कुठे फाइलीत लागतं? आमचे हे जाईपर्यंत सारखे म्हणायचे, हिला समज कशी ती नाहीच. आता सरकारने शिक्का मारून दिली आहे. तो कागद त्यांच्या फोटोखाली लावला आहे.

लायसन तीस तारखेला आलं. पोरगी एक तारखेला कामावर गेली. पहिल्याच दिवशी एका उंच इमारतीची टाकी फुटलेली शोधून काढली. घरी आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पंधरा मिनिटं एका जागी पडून राहिली. भिंगरी, एका जागी. बाप दारात उभा राहून बघत होता. मग म्हणाला, खेळणं मला पण दाखव जरा. मी काय ते समजले. महिनाभरानंतर त्या रात्री मला झोप लागली, अगदी डॉक्टरांच्या व्यायामासारखी.

पण एवढं सगळं झाल्यावर मी कानाला खडा लावला आहे. आता त्या यंत्राला हात लावणार नाही. म्हाताऱ्या माणसाने सुया धराव्यात, आभाळ पोरांना सोडावं.

तब्येतीला जप. काढा घे, नुसता उकळून ठेवू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. आईची पत्र्याची पेटी अजून तुझ्याकडेच आहे ना? तिच्यात तळाशी माझा तिसरीचा शाळा सोडल्याचा दाखला असेल. तेवढा पाठव. ड्रोनच्या नोंदणीच्या अर्जात जन्मतारीख लागते. माझी कुणालाच माहीत नाही, आणि "मोठ्या पुरानंतरच्या उन्हाळ्यात" असं लिहिलं तर तो साहेब पुन्हा शिंकेल. भिंगरीने कंपनीकडून जुना, मोठा, सातशे ग्रॅमचा भुंगा मिळवला आहे. एकदा नोंद झाली की त्याने अंगावर काय घालावं याला सरकार आडवं येत नाही. मी विचारून आले.

ता. क. लायसनच्या परीक्षेला चाळीस प्रश्न असतात, तीस बरोबर लागतात. भिंगरी वाचते, मी विणत विणत उत्तर देते. काल एकोणतीस झाले. ढगांचे सगळे चुकतात.

ता. क. दाखल्यात मी तुझ्याहून मोठी निघाले तर तो पाठवू नकोस, तसं कळव. आणि पाठवलास तर पाकिटावर मुलाचं नाव घालू नकोस, माझं घाल. सरकारी पाकिटं त्याच नावाने येतात, पोस्टमनला आता ते वाचता येतं.