तांबड्या काठाचं सोवळं

सोलापूर, गुरुवार, १५ मार्च १९३४

घरमालक बापूरावांनी आज माझ्या कुत्र्याच्या पिल्लाला लाथेने माडीवरून खाली ढकललं. ते त्यांच्या वाळत घातलेल्या सोवळ्याला शिवलं, एवढंच. मी तेच तांबड्या काठाचं रेशीम दोरीवरून ओढलं, पिल्लाला त्यात गुंडाळलं आणि गुरांच्या दवाखान्याकडे धावलो.

पाय मोडला होता. डॉक्टरांनी कामट्या लावल्या. बांधायला कापड नव्हतं. कंपाउंडर सोवळं चाचपून म्हणाला, “लई भारी हाय की, मास्तर. फाडू?”

“फाडा.”

पिल्लू जगेल. तेवढ्याने माझं समाधान व्हायला हवं. का होत नाही?

उद्या पूजेच्या वेळी बापूराव सोवळं शोधतील. तेव्हा पिल्लू त्यांच्या उंबऱ्यासमोर निजलेलं असेल, पायावरचा तांबडा काठ दिसेल असं.