खांद्यावरची गाठ

ता. ८ फेब्रुवारी १८८८
गाठ पुन्हा वाढली! उजव्या खांद्यावर, कवठाएवढी. मिठागराच्या कचेरीत माझ्यासोबत काम करणारा भिवा हसतो — "काळूदादा, दुसरं मुंडकं फुटतंय का काय?" फुटू दे. पण चैत्रात गावदेवीची पालखी आहे, आणि उजव्या दांड्याचं पुढचं टोक हा आमच्या घराचा मान. पाच वर्षं दांडा या गाठीवरच घेतोय. आता फार ठणकते.

ता. ११
धाकटा भाऊ गोविंदा फुरंगटून बसलाय. बायको म्हणून नाथाची पोरगी शालूच पाहिजे म्हणतो. अरे, पण नाथाच्या दाराशी देवी तोंड फिरवते! सगळं गाव वाटेच्या डाव्या हाताला, एकट्या नाथाचं घर उजव्या. पाच वर्षं पालखी डावीकडेच कलते, सगळ्यांनी पाहिलंय. देवीला नको ती सून मी घरात आणू? साफ नाही म्हणून सांगितलं.

ता. १५
ठाण्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गाठ चिमटीत धरून हलवली. "नुसती चरबी आहे हो, सोलून काढू. घाबरलात?" छे! घाम उन्हाचा होता.

ता. २०
कापली! नाकावर फडका धरला, गोडसर वास आला, पुढचं काही आठवत नाही. जागा झालो तर माझी गाठ वाटीत — कोंबडीच्या चरबीसारखी पिवळी. बायको म्हणाली, "येवढ्याशासाठी माजा जीव खाल्लात!" नऊ टाके. दोनदा ओकलो, पण खूश आहे.

ता. १ मार्च
टाके निघाले. खांदा पाटासारखा सपाट!

ता. ८
शालूचं लग्न लागलं. दिवा गावचा बिजवर, पन्नाशीचा. नाथा म्हणाला, "देवीच तोंड फिरवते, तवा आमाला कोन पुसनार?" गोविंदा जेवला नाही. जेवेल उद्या. वय आहे त्याचं.

ता. २६ एप्रिल
पालखी झाली. नाथाच्या दाराशी देवी सरळ उभी राहिली. म्हातारे हात जोडून म्हणाले, देवी पावली! देवी कधी फिरलीच नव्हती. पाच वर्षं मीच तिला कलती धरत होतो. गोविंदाने देवीकडे पाहिलंच नाही. तो माझ्या खांद्याकडे पाहत होता.