ट्रॉयमधलं लेस्टर

५ सप्टेंबर १९८५

दिवा लागेना म्हणून नवऱ्याला, हेमला, हाक मारली. तो हसत आला, बटण वर केलं, झाला उजेड. पुण्यात काय, लेस्टरमध्ये काय, बटण खाली केलं की दिवा लागतो. इथे वर! एवढीशी गोष्ट, पण दिवसभर चुकत राहिले आणि शेवटी डोळ्यांत पाणीच आलं.

इंग्लंडात, लेस्टरमध्ये, अकरा वर्षं काढली. हॉस्पिटलमधल्या माझ्या मैत्रिणी तिथे, लेकीचा, उत्तराचा, जन्म तिथला. हेमला कंपनीनं वर्षासाठी इथे मिशिगनमधल्या ट्रॉयला धाडलं, म्हणून आलो. मे महिन्यात विचारणार आहेत – परत जाता, की कायमचे राहता? हेमनं ते माझ्यावर सोपवलंय. "तुला नको वाटलं तर परत जायचं. शब्द देतो."

माझं आजच ठरलंय.

९ सप्टेंबर

दुकानात गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "हाऊ आर यू?" मी आपली सांगायला लागले – झोप नीट लागत नाही, अर्धं सामान अजून खोक्यांतच आहे. ती बघतच राहिली. मागच्या माणसानं घसा खाकरला. इथे विचारतात, पण उत्तर द्यायचं नसतं म्हणे.

मग विचारायचं तरी कशाला?

१२ सप्टेंबर

उत्तरा शाळेतून आली ती सरळ खोलीत. जेवली नाही. रात्री कळलं – वर्गात तिनं शेजारच्या मुलाकडे 'रबर' मागितलं. खोडरबर, दुसरं काय! मागच्या बाकावरची मुलं फिदीफिदी हसली. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, इथे 'इरेझर' म्हणायचं.

यात हसण्यासारखं काय, म्हणून शरयूला फोन केला. पलीकडच्या गल्लीत राहते, इथे मुरलेली आहे. तिनं 'रबर'चा इथला अर्थ सांगितला – निरोध. फोनवरसुद्धा आवाज खाली आणून सांगितला. माझे कान तापले. दहा वर्षांची पोर माझी!

"आय'म नॉट टॉकिंग एनी मोअर," म्हणाली झोपताना. मी म्हटलं, माझ्याशी मराठीत बोल. तर पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

२० सप्टेंबर

आज उत्तरा धावत आली. किती दिवसांनी!

शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये रांगेत उभी होती. इतके दिवस नुसतं बोट दाखवून ताटात घ्यायची. आज चुकून तोंडून गेलं, "चीज कॉब, प्लीज." लेस्टरमध्ये पावाला कॉब म्हणतात. इथे कॉब म्हणजे मक्याचं कणीस. मागची मुलं लागली हसायला. पण वाढणारी पांढऱ्या केसांची बाई हातातला डाव तसाच धरून थांबली. म्हणाली, "से दॅट अगेन, मी डक."

मी डक! नवीन नवीन लेस्टरला गेलो, तेव्हा बसमधली बाई मला तसं म्हणाली, तर मला वाटलं स्वतःलाच बदक म्हणतेय. 'माझ्या बदका' म्हणतात ते लोक, लाडानं, वाटेल त्याला.

बाईचं नाव जॉइस. लेस्टरची! युद्धात तिथे आलेल्या अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि सेहेचाळीस साली इकडे आली. "शी क्राइड, मम. ओव्हर अ कॉब." उत्तराला फार नवल वाटलं. मला नाही वाटलं.

रविवारी चहाला बोलावलंय.

२२ सप्टेंबर

जॉइस येऊन गेल्या. उंच, हाडकुळ्या, लिपस्टिक लावून आलेल्या. नवरा स्टॅन दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा कॅलिफोर्नियात, नाताळला फोन करतो.

किटलीतून वाफ आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा सासूनं उन्हाळ्यात चहा दिला – बर्फ घातलेला. वाटलं, माझ्यावर रागावून मुद्दाम थंड दिलाय. वरच्या खोलीत जाऊन रडले!

मी भाजून ठेवलेला चिवडा मूठमूठ खाल्ला. लेस्टरच्या बाजाराचं विचारत होत्या – मासळीचा हॉल आहे का अजून? घड्याळाचा मनोरा? मी जमेल तसं सांगत गेले. मी पुण्याची बाई, इंग्रज बाईला तिचं गाव सांगतेय. हेम स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता.

१३ ऑक्टोबर

जॉइसनी नाश्त्याला बाहेर नेलं. 'बिस्किट' दिसलं म्हणून मी आनंदानं मागवलं, चहात बुडवायला. आलं काय – मऊ पाव आणि त्यावर पांढरी, मिरी घातलेली, खळीसारखी ग्रेव्ही! जॉइस तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. "मुद्दाम सांगितलं नाही," म्हणाल्या. "मला कुठे कोणी सांगितलं होतं?"

खाल्लं. वाईट नव्हतं. पण चहात नाही बुडवलं.

५ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात हॅलोवीनला उत्तरा भूत होऊन शेजारच्या मुलींबरोबर दारोदार फिरली, पिशवीभर गोळ्या आणल्या. पण राजाला मारायचा जुना कट फसला म्हणून आज इंग्लंडात शेकोट्या पेटतात, तर इथे कोणाच्या गावीही नाही. जॉइसनी मागच्या अंगणात शेकोटी केली. निखाऱ्यांत बटाटे भाजले. मी दिवाळीसाठी आणलेल्या फुलबाज्या घेऊन गेले.

त्यांच्या शेजारची एक मुलगी कुंपणावरून बघत होती. हा काय प्रकार, असं तिनं विचारलं. उत्तरानं सगळं नीट समजावून सांगितलं – मोठ्यानं, भर अंगणात, तिच्या त्या लेस्टरी उच्चारांत. मी आणि जॉइसनी एकमेकींकडे बघितलं नाही, नाहीतर ती गप्प झाली असती.

२६ डिसेंबर

हेम आज ऑफिसला! लेस्टरमध्ये नाताळचा दुसरा दिवसही सुट्टीचा, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. जॉइस थंड मांसाच्या चकत्या आणि लोणचं घेऊन आल्या. मी मसालेभात केला. दोघींनी आमची सुट्टी पाळली.

जेवताना बोलायला लागल्या. लग्न आईला पसंत नव्हतं. पत्रांना उत्तर आलं नाही. आई गेली तेव्हा धाकट्या बहिणीनं, मार्जरीनं, दोन ओळी पाठवल्या. मग तेही बंद. मी म्हटलं, "फोन करा." "आता काय बोलायचं?" "मी इथेच बसते," म्हटलं.

चौकशीला फोन करून नंबर मिळवला. माझ्या स्वयंपाकघरातून लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला – "जॉइस? तू अगदी अमेरिकन वाटतेस!" जॉइस इतकी वर्षं इथे परक्या उच्चारांची बाई. आणि तिकडे अमेरिकन. हसता हसता रडायला लागल्या. मी उठून नळ सोडला, उगाचच, भांडी घासल्यासारखं करत.

१७ फेब्रुवारी १९८६

उत्तराला ताप. हेम गावाला, बाहेर गुडघाभर बर्फ. जॉइस चालत आल्या, सूप घेऊन. रात्रीही राहिल्या. मी नर्स, पण आज मला कोणीतरी सांगायला हवं होतं – झोप जा आता, मी बघते.

६ एप्रिल

उत्तरा आज 'मम' नाही, 'मॉम' म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही. मला वाईट वाटलं नाही याचंच नवल.

१८ मे

हेमनं विचारलं. "उद्या कळवायचंय. लेस्टरच ना?" त्यानं मनाशी धरलंच होतं.

मी म्हटलं, राहू या.

त्यानं चष्मा काढला. "माझ्यासाठी म्हणत असशील तर नको." त्याच्यासाठी नाही. उत्तराला मैत्रिणी मिळाल्यात, ते आहेच. पण खरं सांगायचं तर जॉइस. आईच्या माघारी माझ्या दुखण्याखुपण्याला, हसण्याला असं हक्काचं माणूस कुठे मिळालं नव्हतं. लेस्टरात परत गेले, तर लेस्टर असेल, जॉइस नसतील. त्यांना एकटं टाकून जायचं, आणि तेही मुलगा इतक्या लांब असताना – मन घेईना.

हेमला हे एवढं नाही सांगितलं. त्याला कळलं असावं. "बरं," म्हणाला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१९ मे

हेमनं कळवलं. झालं.

२० मे

जॉइसना सांगायला गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या – घर विकलं. जूनमध्ये लेस्टरला, मार्जरीकडे, कायमच्या. "या वयात एकटीची हिंमत झाली नसती, मी डक. पण तूही परत जाणारच म्हणत होतीस, म्हणून."

मी सांगितलं, आम्ही राहतोय.

त्या पायरीवर बसल्या, मी शेजारी. मग त्यांनी विचारलं, "माझ्यामुळे?"

मी म्हणाले, "नाही."