हातातून घेतलेला खडू

बाई, तुमच्या शाळेतलं माझं पहिलं वर्ष आज सकाळपासून डोक्यात आहे. सोलापूर, पाचवीचा वर्ग, अपूर्णांक. मी फळ्यावर लिहितेय, मागे पोरं एकमेकांना टपल्या मारताहेत आणि शेवटच्या बाकावर तुम्ही बसलेल्या. तास संपला तेव्हा मी रडायच्या बेतात होते. तुम्ही पदर खोचत एवढंच म्हणालात, "उद्या माझ्या तासाला बस. माझ्या चुका लिहून आण. पाच तरी हव्यात." मी भीत भीत तीन लिहिल्या. तुम्ही कागद वाचलात. "तीनच? भीड धरलीस की डुलकी लागली?" शिक्षकखोलीतले सगळे हसले, मीही हसले. मग चहा पिताना चौथी तुम्हीच सांगितलीत: खिडकीकडच्या मुलींना तुम्ही तासभरात एकदाही प्रश्न विचारला नव्हता. वर्षभर हे चाललं. एक दिवस तुम्ही माझ्या वर्गात मागे, एक दिवस मी तुमच्या. त्यातूनच मी शिक्षिका झाले.

लग्नानंतर जयपूरला आले ती इथलीच झाले. आता इथल्या मानसरोवर भागातल्या एका शाळेत नव्या शिक्षकांना तयार करायचं काम माझ्याकडे आहे. छापील तक्ता घेऊन मी मागे बसते आणि खुणा करते. माझा दबदबा आहे, आणि तो मला आवडतो. जुलैत एक मुलगी आली. साताऱ्याकडची, नवरा फौजेत, पहिलीच नोकरी. सातवीत समीकरण सोडवताना ती चिन्ह बदलायला विसरली. दोन मिनिटांत तिचं तिलाच कळलं असतं. मी उठले, तिच्या हातातून खडू घेतला आणि गणित पुरं केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती फळ्याच्या कडेला उभी, बोटांवरची खडूची पूड ओढणीला पुसत. त्या दिवसापासून तिने काहीही शिकवलं की एखादा पोरगा विचारायचा, "मैडम, ये सही है ना? बड़ी मैडम से पूछ लें?"

ती माझ्याकडे आली होती, बाई. सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, "बाई, मी तुमच्या तासाला बसू का? नुसती मागं बसेन." इथे मला कुणी बाई म्हणत नाही. मी हिंदीत उत्तर दिलं, "पहले अपनी क्लास सँभालिए." स्टाफरूममध्ये हशा पिकला. त्या हशात ती नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने राजीनामा दिला. प्रिन्सिपल मला म्हणाल्या, "आप एक बार कह देंगी तो रुक जाएगी." मी म्हटलं, "उससे होगा नहीं, जी." तिच्याने झालं असतं. माझ्यापेक्षा लवकर झालं असतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुम्हाला जाऊनही आता किती वर्षं झाली. तरी तुमच्यापुढे खोटं लिहवत नाही. मघाशी मी लिहिणार होते की तिला थांबवायची संधीच मिळाली नाही. शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, ती जिन्यात भेटली होती. आम्ही दोघीच होतो. "येते, बाई," ती म्हणाली आणि एक पायरी उतरून थांबली. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "हं." माझ्या तासाला अजून दहा मिनिटं होती.