तिघांच्या सहीशिवाय नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त प्रोग्रॅमर, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून, कोणी हात न धरता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलासाठी आहे. मला स्वतःला शंका नाही.

१. राहते घर मुलगी आणि मुलगा यांना निम्मे-निम्मे. ह्यांच्या पश्चात ह्यांच्या खोलीला कोणता रंग द्यायचा यावरून त्या दोघांचे बोलणे बंद झाले. तीन भिंती पिवळ्या आणि एक निळी, तेव्हापासून खोली तशीच आहे. पुढचे त्यांनी बघावे.

२. बँकेतली ठेव वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला. तिला हिशेब विचारू नये, ती ऐकवते.

३. माझा जुना कीबोर्ड कलम ४ मधल्या कंपनीच्या त्या उपाध्यक्षांना, ज्यांनी भर समारंभात "हा डेटाबेस आम्ही घडवला" असे सांगितले. आता घडवायला लागावे.

४. आता मुख्य गोष्ट. दुकाने, शाळा, दवाखाने जिथे आपली माहिती साठवतात तो डेटाबेस मी लिहिला आणि कोडसकट सगळ्यांना खुला ठेवला. परवान्यात अट एकच: जो त्यात बदल करील त्याने तोही खुला ठेवावा. पुढे एका कंपनीने त्याचे नाव आणि बोधचिन्ह विकत घेतले. मला वाटले, चांगल्या घरी पडला. आता त्यांना नव्या आवृत्त्या कुलपात घालायच्या आहेत, म्हणजे माहिती आत ठेवणे फुकट आणि बाहेर काढणे सशुल्क. आमच्या डॉक्टरांना स्वतःच्याच रुग्णांची माहिती बघायला पैसे मोजावे लागतील. पण त्यासाठी माझी सही लागते, कारण मूळ कोडाचा कॉपीराइट मी विकलेला नाही.

मी सही देत नाही, म्हणून कंपनी माझ्या जाण्याची वाट बघते आहे. त्यांचा कायदा विभाग दर महिन्याला माझ्या तब्येतीची चौकशी करतो. पोटच्या पोरांनी इतक्या प्रेमाने कधी केली नाही. मुलगा त्याच कंपनीत विक्री खात्यात आहे. तो म्हणतो, "आई, देऊन टाक ना सही. कोण वाचतंय तुझा कोड?" हे मुलीला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "तो हो म्हणतोय ना? मग माझं नाही. विषय काय आहे?"

माझा जीव भांड्यात पडला. मोठमोठ्या वकिलांना सुचला नसता असा बंदोबस्त घरातच सापडला. म्हणून हा कॉपीराइट मुलगी, मुलगा आणि बहीण या तिघांना सामाईक देत आहे. तिघांच्याही सह्या झाल्याशिवाय परवान्यातला एक स्वल्पविरामही हलवू नये. डेटाबेस म्हणजे काय हे बहिणीला माहीत नाही, पण कंपनीचा माणूस दोनदा आला आणि दोन्ही वेळा दार उघडे टाकून गेला, तेव्हापासून तिचे मत पक्के आहे: "ज्याला दार लावता येत नाही, त्याला कुलपाची कसली हौस?"

५. कंपनीला परवानगी मागायचीच असेल तर वर्षातून एकदा, याच टेबलाशी, तिघांसमोर मागावी. जो वारस गैरहजर राहील त्याचा हिस्सा हजर असलेल्यांना जाईल. त्यामुळे मुले येतील, ताप असला तरी येतील. कंपनीच्या माणसाला वाटेला लावल्यावर तिघांनी जेवूनच उठावे. बाळांनो, तुम्ही एकेकटे येता आणि दुसरा यायच्या आत निघता, त्याचा मला फार त्रास होतो.

६. साक्षीदार म्हणून हे वाचताना डॉक्टर थांबले. "आणि एखाद्या वर्षी तिघांचं पटलंच तर?" त्यांच्या दवाखान्याचा प्रश्न आहे, विचारणे रास्त आहे. उत्तर कलम म्हणूनच लिहिते: तसे झाल्यास कोड कंपनीला देऊन टाकावा. डॉक्टरांनी मला माफ करावे.

स्थळ: माझे घर
तारीख: ९ सप्टेंबर
(सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर, तळमजल्यावरचा दवाखाना (सही केली आहे. माफीचे नंतर बघू.)
२. शेजारचे शिंपी (सही)